ग्रास कटर, वीडर, जनरेटर : छोटे पेट्रोल इंजिन कसे वापरावे, कसे जपावे

पावसाळा सुरू झाला की वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. गेल्या वर्षी एका ओढीत सुरू होणारा ग्रास कटर यंदा खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढली तरी सुरू होत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे की नाही, यावर दुकानदार एक सांगतो आणि शेजारी दुसरेच. वीडरच्या पात्यांत हराळी गुंतली तर दर वेळी इंजिन बंद करायलाच हवे का? जनरेटर भिजू नये म्हणून पडवीत ठेवला तर चालेल का?

कोकणात आणि गोव्यात आंबा-काजूच्या बागांची बेणणी आता बरीचशी ग्रास कटरवर होते. घाटावर ऊस, भाजीपाला आणि फळबागांत पॉवर वीडर फिरतो. शिवाय पाणी उपसणारा पेट्रोल पंप, फवारणीचा एचटीपी पंप आणि दुकानाबाहेरचा जनरेटर आहेच. या सगळ्यांच्या पोटात एक ते सात अश्वशक्तीचे लहानसे पेट्रोल इंजिन असते. ते आकाराने लहान म्हणून लोक त्याला मोटारसायकलइतकेही गांभीर्याने घेत नाहीत. विकणारा पाच मिनिटांत दोरी ओढून दाखवतो आणि निघून जातो, सोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. म्हणून हे सगळे इथे सविस्तर देत आहे.

आधी ओळखा : टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

यात चूक झाली तर पुढची कोणतीही काळजी कामाला येत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल जळता जळता पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग यांना वंगण पुरवते. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली वेगळे साठवलेले असते आणि टाकीत नुसते पेट्रोल जाते. यंत्र कोणते, हे असे ओळखा :

- इंजिनाच्या बाजूला ऑइलचे वेगळे झाकण असेल, आणि बहुतेक वेळा त्याला आतून पातळी मोजायची काडी असेल, तर ते फोर-स्ट्रोक.
- तसे झाकण नसेल आणि पेट्रोलच्या टाकीवर पंपाच्या चित्राशेजारी ऑइलच्या थेंबाचे चित्र किंवा ‘५०:१’, ‘२५:१’ असे प्रमाण छापलेले असेल, तर ते टू-स्ट्रोक.
- पाठीवर किंवा खांद्यावर घेतलेले यंत्र टू-स्ट्रोकच असते, असे धरून चालू नका. खांद्यावरचे फोर-स्ट्रोक ग्रास कटरही बाजारात सर्रास मिळतात.

टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल घालून चालवले तर काही मिनिटांतच इंजिन जाम होऊ शकते. असे यंत्र मिस्त्रीकडे गेले की तो सायलेन्सर काढून आत टॉर्च मारतो. त्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते आणि तिच्यावर उभे, खोल ओरखडे पडलेले असतात. मग सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा बदलाव्या लागतात. लहान यंत्राच्या बाबतीत हा खर्च कधी कधी नव्या यंत्राच्या निम्म्यावर जातो. उलट चूक, म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण घालणे, इतकी घातक नाही. धूर होतो, प्लग काळा पडतो. टाकी रिकामी करून स्वच्छ पेट्रोल भरले की बहुधा निभावते.

नवे फोर-स्ट्रोक यंत्र कारखान्यातून बहुतेकदा ऑइल न भरता येते, हेही लक्षात ठेवा. खोक्यातून काढल्यावर दोरीला हात लावण्याआधी ऑइल पाहा.

घरात दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तर टाकीवर रंगाने मोठ्या अक्षरांत ‘मिश्रण’ किंवा ‘फक्त पेट्रोल’ असे लिहून ठेवा. डब्यांवरही लिहा. यंत्र रोज तुम्हीच भरता असे नाही.

मिश्रणाचे माप

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत किंवा टाकीवर दिलेले असते, तेच पाळायचे. दर लिटर पेट्रोलमागे :

- ५०:१ असेल तर २० मिली ऑइल
- ४०:१ असेल तर २५ मिली
- २५:१ असेल तर ४० मिली

ऑइल टू-स्ट्रोकचेच हवे. मोटारसायकलच्या इंजिनातून काढलेले किंवा फोर-स्ट्रोकचे ऑइल चालत नाही. ‘थोडे जास्त घातले तर इंजिन जास्त टिकेल’ हा समजही सोडून द्या. जास्तीचे ऑइल पुरते जळत नाही. ते काजळी होऊन प्लगवर, पिस्टनवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर बसते, मग यंत्र गुदमरल्यासारखे चालते. झाकणाने अंदाजे ओतण्यापेक्षा औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मिलीचे माप वापरा. मिश्रण टाकीत करू नका. डब्यात आधी अर्धे पेट्रोल, मग ऑइल, हलवून घ्या, मग उरलेले पेट्रोल. दर वेळी टाकी भरण्याआधी डबा पुन्हा हलवा. मिश्रण आठवडा-दोन आठवडे पुरेल इतकेच करा.

पेट्रोल : किती आणायचे, कशात ठेवायचे

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येते. तेही घट्ट बुचाच्या भांड्यात : भांडे धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतचे, काचेचे असेल तर एक लिटरपर्यंतचे. पाण्याची किंवा शीतपेयाची प्लास्टिकची बाटली यात बसत नाही, आणि ती न वापरण्याचे दुसरे कारण त्याहून मोठे आहे. पाणी समजून मुले पेट्रोल पितात. तसे झालेच तर ओकारी काढू नका, कारण पेट्रोल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मुलाला थेट रुग्णालयात न्या.

पंपावर डबा भरताना तो जमिनीवर ठेवा. मोटारसायकलच्या सीटवर किंवा टेम्पोच्या प्लास्टिक अंथरलेल्या हौद्यात ठेवून भरू नका. स्थिर विजेची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरते.

आता इथेनॉलविषयी. सध्या देशात सर्रास मिळणारे पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हे लवकर होते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि कार्बुरेटरला जाणारी नळी तळातूनच ओढते. मग यंत्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन बंद पडते. शंका आली तर थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ते पेट्रोल वापरू नका.

जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरमधले पडदे इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. अनेक जुन्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल, असे छापलेले आहे. तुमच्याही यंत्राचे तसे असेल तर घाबरून ते विकून टाकण्याची गरज नाही. पेट्रोल थोडे थोडे आणा, महिन्याच्या आत संपवा, नळी दाबून पाहत राहा आणि चिकट किंवा भेगाळलेली दिसली की बदला. नळी स्वस्त असते. गळणाऱ्या नळीखाली तापलेला सायलेन्सर असतो, हे विसरू नका.

टाकी भरताना :

- इंजिन बंद करून निदान दहा मिनिटे थंड होऊ द्या. यंत्र पाठीवर असताना दुसऱ्याकडून टाकी भरून घेऊ नका.
- काठोकाठ भरू नका, वाफेला जागा ठेवा.
- सांडलेले पुसा. जिथे भरले तिथून दहा पावले लांब जाऊन सुरू करा. अंगावरच्या कपड्यांवर सांडले असेल तर कपडे बदला.
- बिडी, सिगारेट, चूल, शेकोटी जवळपास नको.

धूर : ज्याचा वास येत नाही तोच मारतो

पात्याची भीती सगळ्यांना वाटते, कारण पाते दिसते. माझ्या मते या इंजिनांचा सगळ्यात मोठा धोका मात्र त्यांच्या धुरात आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, ग्लानी येते. झोपेतल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

म्हणून पडवीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : जनरेटर पडवीत चालणार नाही. खोलीत, गोठ्यात, गॅरेजमध्ये, अर्धे शटर ओढलेल्या दुकानात, जिन्याखाली, कुठेच चालणार नाही. खिडकी उघडी ठेवून किंवा पंखा लावून भागत नाही. जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, उघड्यावर ठेवा, सायलेन्सरचे तोंड घराच्या उलट दिशेला करा. पावसासाठी वर चारी बाजूंनी उघडे छप्पर करा. एकाच घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि जनरेटर चालू असेल, तर कारण शोधत बसू नका. सगळे बाहेर पडा, मग १०८ ला फोन करा.

विहिरीचा धोका याहून भयंकर आहे. पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. हा दाब हिशेबाने पाण्याला दहा मीटरच उचलू शकतो, प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास पंप हात टेकतो. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पाणी ओढले जात नाही, आणि गाळ काढायचा असतो. मग पेट्रोलचा पंप दोराने आत सोडून मधल्या कपारीवर ठेवण्याची कल्पना कुणाला तरी सुचते. विहिरीच्या तोंडातून हवा खेळत नाही. धूर आत साठतो, आणि पंप बघायला उतरलेला माणूस पायरीवरच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली माणसे अशी एकामागोमाग गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

- विहिरीत, टाक्यात, शोषखड्ड्यात इंजिन कधीच सोडू नका. खोल पाण्याला विजेचा पाणबुडी पंप लागतो, दुसरा इलाज नाही.
- इंजिन काठावर असले तरी धूर आत जाणार नाही अशा बाजूला आणि काठापासून लांब ठेवा. माणूस आत असताना काठावरचे इंजिन बंदच हवे.
- आत कुणी बेशुद्ध पडला तर मागोमाग उतरू नका. इंजिन बंद करा आणि ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन करा. श्वसनयंत्र असलेली माणसेच उतरू शकतात. तोंडाला बांधलेला ओला रुमाल या वायूला अडवत नाही.

जनरेटरची आणखी एक जीवघेणी सवय म्हणजे दोन्हीकडे पिन असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज सोडणे. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनला लागते. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तोपर्यंत उपकरणे थेट जनरेटरलाच जोडा.

सुरू करताना

थंड इंजिनाला चोक लावायचा, गरम इंजिनाला नाही. पेट्रोलची तोटी उघडा, स्विच चालूवर आणा, प्रायमरचा फुगा असेल तर त्यात पेट्रोल दिसेपर्यंत दाबा. दोरी आधी हळू ओढा, जड लागली की तिथून जोरात ओढा. हँडल झटक्याने सोडू नका, हातानेच परत जाऊ द्या. इंजिनाने एकदा ‘भुक’ केले की चोक काढा. अनेकजण इथेच चुकतात : चोक तसाच ठेवून ओढत राहतात, पेट्रोल जास्त जाते आणि प्लग भिजतो.

प्लग भिजला असेल तर स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, चोक उघडा ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढा म्हणजे आतले पेट्रोल बाहेर पडेल. या वेळी प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका आणि प्लगची टोपी भोकापासून लांब ठेवा. थोडा वेळ जाऊ द्या, मग प्लग लावून चोकशिवाय सुरू करा.

ग्रास कटर सुरू झाल्यावर कमी रेसवर पाते स्थिर राहिले पाहिजे. रेस न देताही ते फिरत असेल तर आयडल जास्त आहे किंवा क्लच बिघडला आहे. ते दुरुस्त होईपर्यंत काम सुरू करू नका.

फिरणाऱ्या पात्याचे नियम

पाते किंवा वीडरचे दात यांना हात लावायचा झाला तर आधी इंजिन बंद, मग प्लगची टोपी काढून बाजूला. सुरुवातीच्या हराळीच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे : होय, दर वेळी बंद करायचे. क्लच सोडला म्हणजे दात फिरणार नाहीत, यावर विसंबू नका. आणि नुसते इंजिन बंद करूनही पुरत नाही, कारण गुंतलेले गवत ओढताना दात फिरले तर गरम इंजिन क्षणभर सुरू होऊ शकते. टोपी काढली की ठिणगीच पडत नाही. या कामाला अर्धा मिनिट लागतो.

ग्रास कटरसाठी :

- डोळ्यांना बंद गॉगल, त्यावर जाळीचा मुखवटा. नुसता मुखवटा बारीक खडीला अडवत नाही. पायात गमबूट किंवा जाड बूट, पायांना गुडघ्यापर्यंत पट्टे, कानात बोळे.
- पंधरा मीटरच्या आत माणूस, जनावर, मूल नको. जांभ्याचा खडा, काच, तारेचा तुकडा पात्याला लागला की गोळीसारखा सुटतो. आधी एकदा जागा चालून पाहा.
- बहुतेक यंत्रांत पाते वरून पाहता घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. त्यामुळे उजवीकडून डावीकडे झोका देत कापा आणि पात्याच्या डाव्या अंगानेच कापा. समोरच्या उजव्या अंगाने बुंधा किंवा दगड लागला तर यंत्र झटक्याने उसळते.
- पात्यावरचा संरक्षक पत्रा ‘मध्ये येतो’ म्हणून काढून टाकू नका.
- तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नका. नायलॉन दोरीच्या जागी तार किंवा साखळी लावू नका, तिचे तुटलेले टोक माणसाच्या पायात घुसते.
- पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. घट्ट करायला डावीकडे, सैल करायला उजवीकडे. हे माहीत नसल्याने आटे मोडतात, आणि अर्धवट बसलेले पाते सुटते.

वीडरसाठी : साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा, सैल पायजमा दातांत सापडतो. कपडे आटोपशीर असू द्या. मुठीवरची क्लचची दांडी सोडली की यंत्र थांबावे, म्हणूनच ती तशी केलेली असते. हात दुखतो म्हणून ती सुतळीने बांधणे म्हणजे थांबवण्याचा उपायच बांधून ठेवणे. रिव्हर्स घेताना मागे झाड, बांध, भिंत नाही ना ते पाहा, रेस कमी करा. यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये माणूस सापडतो तो रिव्हर्समध्येच.

तापलेले यंत्र वाळल्या गवतावर टेकू नका. सायलेन्सरच्या उष्णतेने वणवा लागतो. दिवाळीनंतर, गवत पिवळे पडल्यावर तर पाण्याचा पंप पाठीवर घेतलेला एक माणूस जवळ असू द्या.

देखभाल : तासांच्या हिशेबाने

दिवस मोजू नका, चाललेले तास मोजा. गोठ्याच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या तरी चालेल. पुस्तिकेत वेगळे दिले नसेल तर साधारण हिशेब असा :

- रोज : फोर-स्ट्रोकचे ऑइल सपाट जागी, इंजिन बंद असताना पाहा. काडी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची की आवळून, हे पुस्तिकेत दिलेले असते. नट-बोल्ट आणि पेट्रोलची नळी पाहा. थंड करणाऱ्या पंखांमधला कचरा ब्रशने काढा. तो साठला की इंजिन तापून जाम होते.
- नव्या फोर-स्ट्रोकचे पहिले ऑइल : २० तासांनी किंवा महिन्याने बदला. त्यानंतर सहसा १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. धुळीत काम असेल तर आणखी लवकर. बहुतेक इंजिनांना १०डब्ल्यू-३० चालते. इंजिन कोमट असतानाच ऑइल काढा, आणि ते ओढ्यात न ओतता गॅरेजवाल्याकडे द्या.
- एअर फिल्टर : ५० तासांनी, पण उन्हाळ्यात कोरड्या मातीत वीडर चालत असेल तर रोज.
- प्लग : १०० तासांनी काढून पाहा, फट पुस्तिकेप्रमाणे ठेवा. अनेक इंजिनांत ती ०.६ ते ०.८ मिमीच्या दरम्यान असते.
- ग्रास कटरच्या पात्याजवळचा गिअरबॉक्स : साधारण २५ तासांनी ग्रीस.

एअर फिल्टरकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळवटू नका, नुसता दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा, चार थेंब इंजिन ऑइल लावून पुन्हा दाबून जास्तीचे काढा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. तो हलका आपटून झटका, आणि फार मळला असेल तर बदला. वीडरला तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंत नवे ऑइल भरा. पेट्रोलने कोणताही फिल्टर धुऊ नका. ‘तेवढ्यापुरते’ फिल्टर काढून यंत्र चालवणे तर मुळीच नको. मातीचे कण रिंगांमध्ये जाऊन सिलिंडर खरवडतात आणि पुढच्या हंगामात इंजिनात दम उरत नाही.

गव्हर्नरची स्प्रिंग ताणून रेस वाढवून देणारे मिस्त्री असतात. त्यांना नको म्हणा. जनरेटरच्या बाबतीत यामुळे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बिघडून उपकरणे जळतात, आणि इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटू शकतो. तसेच तीव्र उतारावर फोर-स्ट्रोक इंजिन तिरके करून बराच वेळ चालवू नका. साठलेले ऑइल एका बाजूला जाते आणि वंगण तुटते.

सुरू होत नाही, तेव्हा काय पाहायचे?

हा क्रम पाळा, बहुतेक वेळा मिस्त्रीपर्यंत जावे लागत नाही :

१. स्विच चालू आहे का? तोटी उघडी आहे का? अनेक फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल कमी असेल तर सेन्सर ठिणगीच पडू देत नाही, तेही पाहा.

२. पेट्रोल ताजे आहे का? शिळ्या पेट्रोलचा वास आंबूस, वार्निशसारखा येतो. ते काढून ताजे भरा.

३. एअर फिल्टर तुंबला आहे का?

४. प्लग काढा आणि रंग पाहा. फिकट विटकरी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट काळा असेल तर ऑइल जास्त. पांढरा पडला असेल तर इंजिन तापते आहे, हवा कुठून तरी जास्त घुसते आहे.

५. तरीही नाही, तर कार्बुरेटर तुंबला असण्याची शक्यता मोठी. तो स्वतः उघडण्याची सवय नसेल तर इथे मिस्त्रीला बोलवा. बारीक छिद्रात तार खुपसून ते मोठे झाले की प्रमाण कायमचे बिघडते.

हंगाम संपल्यावर

‘गेल्या वर्षी चालत होते’ या तक्रारीचे मूळ इथे असते. टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र माळ्यावर जाते. काही महिन्यांत पेट्रोल उडून मागे चिकट थर उरतो आणि कार्बुरेटरची छिद्रे बुजतात.

टाकी रिकामी करा. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत उघड्यावर चालू द्या, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होईल. फोर-स्ट्रोकचे ऑइल बदला. प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल घाला (टू-स्ट्रोकला टू-स्ट्रोकचेच), दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग लावा आणि दोरी जड लागेल त्या ठिकाणी थांबा. फोर-स्ट्रोकचे दोन्ही व्हॉल्व्ह तिथे बंद असतात, त्यामुळे आत ओल जात नाही. पात्याला ग्रीस किंवा ऑइल पुसा. यंत्र देवघरातल्या समईपासून, चुलीपासून आणि खतांच्या गोण्यांपासून लांब ठेवा. खतांच्या ओलाव्याने धातू गंजतो.

खरेदी, वॉरंटी आणि तुमचे हक्क

- अनुदान हवे असेल तर महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करा आणि पूर्वसंमती मिळेपर्यंत यंत्र घेऊ नका. आधी बिल करून मग अर्ज केला म्हणून अनुदान हुकल्याची तक्रार दरवर्षी येते.
- पक्के बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि इंजिन क्रमांक लिहिलेला हवा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या.
- ऑइलची बिलेही जपा. इंजिन जाम झाले की कंपनी पहिला प्रश्न ‘कोणते ऑइल वापरले?’ हाच विचारते.
- सुटे भाग आणि सर्व्हिस तालुक्याच्या गावी मिळते का, हे घेण्याआधी विचारा. स्वस्त पण निनावी यंत्राचा कार्बुरेटर पडदा मिळेनासा झाला की ते भंगारात जाते. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी असे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.
- दोष निघाला आणि दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही तक्रार दाखल होते.
- ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहक नाही’ असे कुणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो.

अपघात झालाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृत्यू झाल्यास किंवा दोन डोळे वा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये, आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करायचा असतो. रुग्णालयाची आणि पोलिसांची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

मजुराच्या हाती यंत्र देताना

बागेत यंत्र चालवणारा बहुतेक वेळा मालक नसतो. रोजंदारीवर आलेल्या माणसाला इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. पण जबाबदारीच्या भीतीने नव्हे, तर तो तुमच्या शब्दावर यंत्र उचलतो म्हणून एवढे कराच : पहिल्या दिवशी बंद करण्याचा स्विच कुठे आहे ते दाखवा, त्याच्याकडून दोनदा बंद करवून घ्या, प्लगची टोपी कशी काढायची ते त्याला करायला लावा. तासाभराने यंत्र खाली ठेवून त्याला विसावा घ्यायला सांगा, थरथरीने बधिर झालेल्या हाताची पकड सुटते. आणि गॉगल, बूट, कानातले बोळे त्याच्याकडे नसतील तर ते तुम्ही विकत घेऊन द्या.